डॉक्टरसाहेबांना भांडार कोण शिकवणार?

एखादा निष्णात शल्यविशारद वीस-पंचवीस वर्षे शासकीय सेवेत काढतो. त्याच्या हातून हजारो शस्त्रक्रिया होतात. मग सेवाज्येष्ठतेच्या यादीत नाव वर सरकते आणि एका आदेशाने तो वैद्यकीय अधीक्षक होतो किंवा जिल्हा शल्यचिकित्सकाचा पदभार त्याच्याकडे येतो. पदभार देण्याघेण्याच्या कागदावर सह्या व्हायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासानंतर औषधभांडार, स्वयंपाकघर, धुलाई, रुग्णवाहिका, प्राणवायूची टाकी, न्यायालयीन प्रकरणे आणि शेकडो कर्मचाऱ्यांच्या रजा यांचा तो प्रमुख असतो. आहरण व संवितरण अधिकारी म्हणून देयकांवर त्याची सही लागते. लेखाशीर्ष म्हणजे काय, हे त्याला मुख्य लिपिक सांगतो. आणि पुढची बरीच वर्षे मुख्य लिपिक सांगेल तेच लेखाशीर्ष असते.

हे चित्र नवे नाही आणि त्यात त्या डॉक्टरचा दोषही नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि आंतरवासितेचे एक वर्ष, पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे, एवढ्या काळात त्याला रुग्णालय चालवायला कोणी शिकवलेले नसते. कागदावर तसे म्हणता येणार नाही. २०१९ पासून देशात लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका ठरवल्या आहेत. त्यात चिकित्सकानंतर लगेच ‘आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य’ ही भूमिका येते. प्रत्यक्षात हा विषय सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या काही व्याख्यानांत उरकला जातो. औषधांची किमतीनुसार ‘एबीसी’ आणि गरजेनुसार ‘व्हीईडी’ अशी वर्गवारी विद्यार्थी पाठ करतात, कारण परीक्षेत त्यावर टीप येते. जीवरक्षक औषध कोणते, आवश्यक कोणते आणि असले तर बरे असे कोणते, हे ठरवून त्याप्रमाणे साठा ठेवायचा असतो. परीक्षा संपली की ती टीपही संपते.

तिची किंमत काय, हे सर्पदंशाच्या उदाहरणावरून कळते. समजा, कोकणातल्या एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात विषबाधेची लक्षणे असलेले सर्पदंशाचे रुग्ण वर्षाला साठ येतात. सरासरी काढली तर महिन्याला पाच. एका रुग्णाला प्रतिविषाच्या आठ ते दहा कुप्या सुरुवातीलाच लागतात, पुढे आणखी लागू शकतात. म्हणून रुग्णामागे पंधरा धरू. सरासरीने महिन्याला पंच्याहत्तर कुप्या झाल्या. मागणी केल्यापासून माल यायला दोन महिने लागतात, म्हणून दीडशे कुप्या उरल्या की नवे मागणीपत्र पाठवायचे, असा हिशेब भांडारात लिहिला जातो. हिशेब बरोबर आहे, पण साप सरासरीने चावत नाहीत. भातलावणीच्या दिवसांत महिन्याला बारा रुग्ण आले, तर त्या दीडशे कुप्या दहा रुग्णांत, म्हणजे पंचवीस दिवसांत संपतात. पुढचे पाच आठवडे रुग्णवाहिका घाटरस्त्याने जिल्ह्याच्या गावाकडे धावत राहते. इथे प्रतिविषाचा डोस चुकलेला नाही, निदानही चुकलेले नाही. चुकली ती पुनर्मागणीची पातळी, आणि तिची शिक्षा शेतमजुराच्या मूत्रपिंडाला झाली.

औषधखरेदीची चर्चा आपल्याकडे नेहमी ‘वरून माल येत नाही’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. त्यात तथ्य आहे. तमिळनाडूने १९९४ मध्ये खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक दिले आणि आपापल्या तरतुदीत जिल्हा गोदामातून हवे ते औषध उचलण्याची मुभा दिली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिनकडे गेले आणि २०२३ च्या कायद्याने त्यासाठी वेगळे प्राधिकरण आले. पण मुंबईतले प्राधिकरण कितीही कार्यक्षम झाले, तरी राजापूरच्या लावणीचे वेळापत्रक त्याला ठाऊक असणार नाही. ते रुग्णालयातूनच कळवावे लागते. पासबुकातही शेवटी आकडा कोणी तरी भरावा लागतो. तो माणूस शिकलेला नसेल, तर गेल्या वर्षीच्या मागणीत दहा टक्के वाढवून कागद पुढे जातो.

यंत्रखरेदीचे दुखणे वेगळे. मार्च जवळ आला की अखर्चित निधी परत जाऊ नये म्हणून घाई सुरू होते. रक्ततपासणीचे यंत्र घ्यायचे ठरते, निविदा निघते, सर्वात कमी दराची पात्र ठरते. यंत्र स्वस्त असते, पण ते फक्त त्याच कंपनीचे अभिकर्मक स्वीकारते. पुढच्या वर्षी अभिकर्मकांसाठी पैसे मंजूर नसतात आणि यंत्रावर कापड पडते. पाच-सात वर्षांत अभिकर्मक, देखभाल, सुटे भाग आणि यंत्राची किंमत मिळून एका तपासणीला किती खर्च येईल, हा प्रश्न खरेदीच्या टिपणीत असायला हवा. सर्वंकष देखभालीचा करार यंत्राबरोबरच करायचा की हमीची मुदत संपल्यावर धावाधाव करायची, हाही. हे व्यापारी गणित आहे आणि ते किराणा दुकानदाराला येते. नऊ-दहा वर्षे वैद्यक शिकलेल्या माणसाला ते येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. त्याला ते कोणी विचारलेले नाही, इतकेच.

याची सर्वात कठोर बाजू २०२१ मध्ये दिसली. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. दोन्ही घटनांनंतर डॉक्टर आणि परिचारिकांवर कारवाई झाली. कोणाचा किती दोष, हे तपास यंत्रणांनी आणि न्यायालयांनी ठरवावे. पण वायरिंगचा भार किती, अग्निसुरक्षेचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर थांबला, बांधकाम विभागाला तिसरे स्मरणपत्र कोणत्या भाषेत लिहायचे आणि तरीही काम झाले नाही तर कक्ष बंद करण्याचा निर्णय कोणाच्या सहीने घ्यायचा, हे बालरोगशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नाही. जबाबदारी मात्र खुर्चीबरोबर येते.

नेतृत्व या शब्दाचा आपल्याकडे व्यासपीठाशी फार संबंध आहे. रुग्णालयात त्याचा संबंध कोणाला बोलता येते याच्याशी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची एक साधी तपासयादी आणली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे १.५ वरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शंभरावर रुग्णालयांत हीच यादी लागू केली गेली, आणि २०१४ च्या अहवालात मृत्यू व गुंतागुंतीत लक्षणीय घट दिसली नाही. कागद तोच होता. फरकाची कारणे तज्ज्ञ अजून चर्चितात, पण शस्त्रक्रियागृहात काम केलेल्या कोणालाही एक कारण सहज पटेल. ‘सर, डावा की उजवा, पुन्हा बघून घेऊ’ असे सिस्टर म्हणू शकते का? की ती आधीच चौकटीत खूण करून मोकळी होते? आपल्या सिव्हिलमध्ये मामा-मावशींना सगळे माहीत असते. कोणता कॉट हलतो, कोणत्या नळाला पाणी नाही, कोणता रुग्ण रात्री उठून चालतो. त्यांना सकाळच्या राउंडला कोणी विचारत नाही. विचारायला निधी लागत नाही.

यावर दोन हरकती ठरलेल्या. पहिली अशी की डॉक्टरांनी उपचार करावेत, व्यवस्थापन व्यावसायिक व्यवस्थापकांकडे द्यावे. ब्रिटनने १९८३ मध्ये सेन्सबरी या किराणा साखळीतील रॉय ग्रिफिथ्स यांच्या अहवालानंतर हा मार्ग धरला. त्यातून शिस्त आली, यात शंका नाही. पण २०१३ चा स्टॅफर्ड येथील रुग्णालयावरचा चौकशी अहवालही याच वाटेवरचा आहे. तिथले वरिष्ठ आर्थिक उद्दिष्टे आणि दर्जाचा शिक्का मिळवण्यात इतके गुंतले, की परिचारिका कमी झाल्या आणि रुग्णांना साधे पाणी वेळेवर मिळेना. व्यवस्थापक हवेतच, पण खर्चाचा कोणता आकडा कापला तर कोणता रुग्ण मरेल, हे सांगणारा डॉक्टर त्याच टेबलावर, त्याच भाषेत बोलणारा हवा. ताळेबंद न वाचता येणाऱ्या डॉक्टरचे म्हणणे तिथे भावनिक ठरते आणि बाजूला पडते.

दुसरी हरकत ‘बिझनेस’ या शब्दालाच आहे. खासगी रुग्णालयांची बिले पाहिलेल्या माणसाला ती सुचणे साहजिक आहे. तिचे उत्तर मदुराईत आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी सेवेतले नेत्रतज्ज्ञ. संधिवाताने बोटे वाकडी झालेली. ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. एका रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार, गावातल्या मुलींना प्रशिक्षण देऊन उभी केलेली सहायकांची फळी, पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून इतरांवर मोफत किंवा अल्पदरात उपचार. परदेशी कृत्रिम भिंगे परवडत नाहीत म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगे इथेच बनवली. हे सगळे अस्सल धंद्याचे कौशल्य आहे. वेळ, माणसे आणि पैसा वाया जाऊ न देण्याचे. त्यातून वाचले ते गरिबाच्या डोळ्यावर खर्च झाले.

शिकण्याची सोय राज्यात नाही, असे म्हणण्यास जागा नाही. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णालय प्रशासन हा पदव्युत्तर विषय आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था तो शिकवते, अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘यशदा’ आहे. केंद्राने २०२२ मध्ये सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग उभारण्याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांना दिल्या. अडचण अशी, की खुर्ची मिळण्यासाठी यातले काहीच आवश्यक नसते. तहसीलदार होणाऱ्याला महसुली प्रशिक्षण चुकत नाही. जिल्ह्याचे रुग्णालय हाती घेणाऱ्याला मात्र आदेशाच्या तारखेपासून रुजू व्हावे लागते. पदोन्नतीपूर्वी तीन महिन्यांचे प्रशिक्षण सक्तीचे करावे: लेखा, खरेदी, भांडार, अग्निसुरक्षा, सेवानियम आणि माणसांशी बोलणे. शक्यतो ज्याने भांडार प्रत्यक्ष सांभाळले आहे, अशा औषधनिर्मात्याकडून आणि ज्याने आक्षेप काढले आहेत, अशा लेखापरीक्षकाकडून. एखाद्या सभागृहात दोन दिवस स्लाइड दाखवून परत पाठवायचे असेल, तर तो प्रवासभत्ताही वाचवावा.

आणि सुरुवात त्याहून खालून करता येईल. आंतरवासितेच्या बारा महिन्यांतले पंधरा दिवस भांडार, केसपेपर खिडकी आणि महात्मा फुले योजनेचा कक्ष यांना द्यावेत. एका फोटोअभावी किंवा एका अहवालाअभावी योजनेचा दावा कसा फेटाळला जातो आणि रुग्णालयाचे हक्काचे पैसे कसे जातात, हे तेविसाव्या वर्षी पाहिलेला डॉक्टर पन्नाशीत अधीक्षक होईल, तेव्हा मुख्य लिपिकाला निदान दुसरा प्रश्न तरी विचारील.