कुंपणापुढचा प्रश्न

वार्षिक परीक्षा आटोपतात, चैत्र शुद्ध त्रयोदशीला महावीर जन्मकल्याणकाची मिरवणूक निघते आणि त्यानंतर व्यापारी घरांतून एकच मागणी ऐकू येऊ लागते. मुलांना कुठेतरी नेले पाहिजे. वर्षभर दुकानाच्या वेळा सांभाळणाऱ्या घरात तीन पिढ्यांनी एक सबंध दिवस एकत्र घालवण्याचे प्रसंग थोडेच येतात. म्हणून जागाही अशी शोधली जाते, की जिथे आजीला सावलीत बसता यावे, मुलांना धावता यावे आणि मोठ्यांनाही काही पाहिल्याचे समाधान मिळावे. झोपाळे, लहानशी आगगाडी, तळे आणि प्राणी एकाच आवारात असले की सर्वांचीच सोय होते.

पुण्याला ही आवड जुनीच आहे. सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कात प्राणिसंग्रहालय होते आणि ८ एप्रिल १९५६ पासून तिथे ‘फुलराणी’ ही मुलांची आगगाडी धावू लागली. त्या गाडीतून फेरी मारायची आणि मग पिंजऱ्यांपुढे उभे राहायचे, हा पुण्यातील कित्येक पिढ्यांच्या बालपणाचा ठेवा आहे. पुढे शहराच्या दक्षिणेला कात्रज येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभे राहिले. तिथे १९८६ पासून सर्पोद्यान होतेच. १९९९ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पेशवे पार्कातील प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे नेण्यात आले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव याच आवारात आहे. जुन्या लोखंडी पिंजऱ्यांच्या जागी खंदकांनी वेढलेली मोकळी आवारे आली. कात्रजच्या टेकडीवरच आगम मंदिर असल्यामुळे जैन कुटुंबांचा या सहलीचा क्रम जणू ठरूनच गेला आहे. सकाळी दर्शन, नंतर प्राणी आणि सूर्यास्तापूर्वी घरी.

मार्केटयार्ड परिसरातील एक कुटुंब मागच्या उन्हाळ्यात याच क्रमाने निघाले होते. आजोबा, आजी, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. डब्यात खाखरे, ठेपले व मुगाची कचोरी होती आणि बरोबर उकळून गार केलेले पाणी होते. दर्शन झाले. प्राणिसंग्रहालयात शिरताच आजोबांनी मुलांना खेळ लावून दिला. तीर्थंकरांची लांछने शोधायची. सर्प दिसला की पार्श्वनाथ, कासव दिसले की मुनिसुव्रतनाथ, हरिण दिसले की शांतिनाथ, माकड दिसले की अभिनंदननाथ, सिंह दिसला की महावीर. पाठशाळेत जे पाठ करताना कंटाळा येतो, ते तासाभरात तोंडपाठ झाले.

सांबरांच्या कुंपणापाशी मात्र नात थांबली. तिने विचारले, “आजोबा, नेमिकुमारांनी कोंडलेले पशू पाहिले आणि रथ मागे फिरवला ना? मग आपण तिकीट काढून का बघतो?”

वडिलांनी “अगं, ते वेगळं,” एवढेच म्हणून विषय संपवू पाहिला. पण वेगळे म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता येईना. आजोबा म्हणाले, “बेटा, प्रश्न खरा आहे. जेवताना बोलू.”

हा प्रश्न एकट्या त्या मुलीचा नाही. ज्या घरात मुंगी चुकवून पाऊल टाकायला शिकवले जाते, त्या घरातील मुलाला तो आज ना उद्या पडणारच, आणि त्याचे उत्तर देणे हे पालकांचे कर्तव्य आहे.

नेमिनाथांचा प्रसंग प्रत्येक जैन घराला ठाऊक आहे. राजीमतीशी विवाह ठरलेला, वरात निघालेली आणि वाटेत वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी आला. विवाहाच्या मेजवानीसाठी त्यांना आणले आहे हे कळताच त्यांनी रथ फिरवला आणि गिरनारची वाट धरली. तिथले पशू वधासाठी बांधलेले होते. कात्रजच्या सांबराला मारण्यासाठी आणलेले नाही. त्याला चारा, पाणी व औषध मिळते. हेतू निराळा आहे आणि जैन विचारात हेतूला मोठे वजन आहे, हे आजोबांचे उत्तराचे पहिले पाऊल होते.

परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत, हे योग्यच झाले. हेतू चांगला असला तरी बंधन हे बंधनच असते. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जिवाला बांधून ठेवणे, मारहाण करणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. ज्या काळात प्रत्येक गृहस्थाच्या दारी गुरे होती आणि व्यापाऱ्याचा माल बैलांच्या पाठीवरून जात होता, त्या काळी ही पाच नावे रोजच्या व्यवहाराची होती. आज दारातील बैल गेले, पण प्राण्यांशी येणारा संबंध संपलेला नाही. तो तिकिटाच्या खिडकीवर येऊन थांबला आहे. म्हणून करमणुकीच्या कोणत्याही जागी मुलांना नेण्यापूर्वी याच पाच कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी बंधाची. जो प्राणी जखमी अवस्थेत सापडला किंवा ज्याचे पिलू आईविना उरले, तो पुन्हा रानात जगू शकत नसेल तर त्याला आश्रय देणे ही सेवाच होय. व्यापारी समाजाने पांजरापोळी याच भावनेने चालवल्या. मुंबईच्या भुलेश्वरची पांजरापोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने सुरू झाली. म्हातारी, लंगडी, निरुपयोगी गुरे तिथे मरेपर्यंत सांभाळली जात. तिथेही दावे होते, कुंपण होते, पण ते जिवाच्या हितासाठी होते. प्रश्न उरतो तो केवळ पाहणाऱ्याच्या हौसेसाठी अपुऱ्या जागेत कोंडलेल्या जिवाचा. हत्तीला रोज लांबवर चालावे लागते. एवढी जागा प्राणिसंग्रहालयांत नसते, म्हणून २००९ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने तेथील हत्ती अन्यत्र हलवण्याचा निर्देश दिला. बंध कुठे अतिचार ठरतो हे जाणण्यासाठी त्या त्या जिवाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. आधी ज्ञान आणि मग दया, हा आगमांनी सांगितलेला क्रम इथे नेमका लागू पडतो.

या क्रमाचे एक कटू उदाहरण आपल्याच देशात घडले. गुराचे दुखणे कमी व्हावे म्हणून त्याला डायक्लोफेनॅक हे औषध दिले जाई. देणाऱ्याची भावना दयेचीच होती. पण असे गुरू मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे त्या औषधाने निकामी होत आणि गिधाडे मोठ्या संख्येने मेली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडे बंदिस्त जागेत वाढवून त्यांचा वंश टिकवण्याचे काम चालू आहे. गिरनारच्या पायथ्याशी जुनागढला १८६३ साली स्थापन झालेले सक्करबाग प्राणिसंग्रहालय आशियाई सिंहांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. नेमिनाथांच्या यात्रेला जाणारी कित्येक कुटुंबे तिथेही जातात. अशा ठिकाणी कुंपण हे त्या जातीच्या रक्षणाचे साधन असते, ही गोष्टही मुलांना सांगावी.

दुसरी, तिसरी आणि चौथी कसोटी एकत्र पाहावी. सायकल चालवणारे अस्वल, चेंडू उडवणारा डॉल्फिन आणि पर्यटकांना पाठीवर घेऊन दिवसभर फिरणारा हत्ती हे रानात कुणी पाहिलेले नाहीत. प्राणी असे वागतो तो शिकवल्यामुळे, आणि त्या शिकवण्यामागे अंकुश, उपास किंवा एकांतवास असू शकतो. भारतात १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रे उभारण्यास २०१३ साली मनाई झाली. पण परदेशातील अनेक उद्यानांत हे खेळ आजही चालतात आणि सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांची ओळ ठळक छापलेली असते. घरी मुंगी वाचवणारे कुटुंब तिथे टाळ्या वाजवते. करणे, करवणे आणि अनुमोदणे या तिन्हींना कर्मबंध सांगितला आहे. टाळी हे अनुमोदनच नव्हे काय?

पाचवी कसोटी अन्नपाण्याची. येथे जैन मुलांची चूक प्रेमापोटी होते. चबुतऱ्यावर दाणे टाकण्याची सवय असल्यामुळे हरणाला खाखरा द्यावा असे त्यांना वाटते. त्या दिवशी नातवानेही पिशवीसकट हात कुंपणातून आत घातला होता, आईने तो वेळीच मागे ओढला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला खाऊ घालणे, चिडवणे, गोंगाटाने त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे हा गुन्हा आहे. खाऊबरोबर गेलेली प्लॅस्टिकची पिशवी हरणाच्या पोटात अडकते आणि ते तडफडून मरते. येथे देणे ही दया नव्हे, हात आवरणे ही दया आहे. काच न ठोकणे, झोपलेल्या प्राण्याला हाक न मारणे आणि हळू बोलणे हा जीवदयेचा पाठ पाच वर्षांच्या मुलालाही पाळता येतो.

एक प्रश्न मात्र या पाच कसोट्यांनीही सुटत नाही. वाघ, सिंह आणि बिबट्या मांसाहारी आहेत. त्यांना मांस द्यावेच लागते आणि प्रवेशमूल्याचा काही भाग त्यावर खर्च होणे ओघानेच येते. अन्न न देणे हा अतिचार आणि मांस पुरवणे ही हिंसा, अशी ही कोंडी आहे. कबुतर आणि ससाणा यांच्यातील न्यायासाठी मेघरथ राजाने स्वतःचे मांस तराजूत टाकले, तेव्हा त्यानेही ससाण्याची भूक खोटी म्हटली नव्हती. जेवताना आजोबांनी नातीला हेच सांगितले आणि शेवटी म्हणाले, “याचं पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. जे पटतं तेवढं करायचं आणि जे खुपतं ते विसरायचं नाही.”

आजी त्या दिवशी वाघाच्या भागाकडे गेल्या नाहीत. त्या तलावाकाठी सावलीत नवकार जपत बसल्या. कुणी त्यांची थट्टा केली नाही, आणि त्यांनीही पुढे गेलेल्यांना दोष दिला नाही. एकाच घरात दोन मते अशी सुखाने नांदणे हा अनेकांताचा घरगुती धडा होय, आणि मुले तो पुस्तकापेक्षा अशा प्रसंगांतून लवकर शिकतात.

ज्यांना आणखी काही करावेसे वाटते त्यांच्यासाठी मार्ग आहेत. अनेक प्राणिसंग्रहालयांत प्राणी दत्तक घेण्याची योजना असते. ठरावीक रक्कम भरून एखाद्या प्राण्याच्या वर्षभराच्या किंवा काही दिवसांच्या पोषणाचा भार उचलता येतो. मुलाच्या वाढदिवसाला हरणाचा किंवा कासवाचा चारा आपल्या नावे घालणे कोणत्याही जैन कुटुंबाला सहज जमण्यासारखे आहे, आणि त्यात मांसाचा प्रश्नही उद्भवत नाही. गावच्या पांजरापोळीतही महिन्यातून एकदा मुलांना न्यावे. तिथला म्हातारा बैल कोणताही खेळ करून दाखवत नाही. त्याला पाहताना करमणुकीवाचून दया कशी असते ते कळते.

कात्रजहून ते कुटुंब दिवस असतानाच निघाले आणि चौविहारापूर्वी सर्वांची जेवणे घरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर वडिलांनी सहल ठरवणाऱ्या एजंटला फोन केला. दिवाळीनंतरच्या परदेश सहलीत हत्तीची सवारी आणि डॉल्फिनचा खेळ असे दोन कार्यक्रम होते. ते त्यांनी वगळायला सांगितले.

“शेठ, एकदा भरलेले पैसे परत मिळणार नाहीत,” एजंट म्हणाला.

“नको मिळू देत,” वडील म्हणाले, “पण आमची नावं त्यातून काढा.”

खातेवहीत ती रक्कम नुकसानीच्या बाजूला लिहिली गेली. संध्याकाळी नातीने ते ऐकले, तेव्हा तिने एवढेच विचारले, की मग त्या दोन दिवशी आपण काय करायचे. घरातील सर्वजण नकाशा पसरून बसले.