एका पेटीसाठी दुसरी पेटी फोडू नका

एकोणिसाव्या शतकात मुंबई-सुरतेत युरोपीय गिऱ्हाइकांसाठी बनलेल्या सदेलीकामाच्या लेखनपेट्या आणि शिवणपेट्या दुरुस्तीला येतात, तेव्हा त्यांचे काही तुकडे हमखास गळालेले असतात. अशा वेळी एखादी मोडकी पेटी सोलून तिचा हस्तिदंत वापरण्याचा मोह होतो. हा मार्ग संवर्धकांनी पूर्ण बंद करावा, असे आमचे मत आहे. सदेलीत हस्तिदंत, आबनूस, पतंगाचे लाल लाकूड, हिरवे रंगवलेले हाड आणि कथील यांच्या बारीक काड्या सरसाने चिकटवून त्यांची जुडी बांधत. ती आडवी कापून निघालेल्या पातळ चकत्या चंदनाच्या पेटीवर बसवत. त्यामुळे एका जुडीच्या चकत्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात. नक्षीतल्या शेजारच्या दोन ताऱ्यांत एकच काडी सारखीच कललेली असेल, तर ते भिंगाखाली दिसते आणि कारागिराने जुडी कुठे बदलली याचा माग काढता येतो. या पेट्यांवर कारागिराचे नाव सहसा नसते, म्हणून त्याच्या हाताचा एवढाच पुरावा आपल्यापाशी उरतो. उसना तुकडा बसवला की हा पुरावा दोन्ही पेट्यांतून पुसला जातो.

यावर कोणी म्हणेल, हत्ती तर दीडशे वर्षांपूर्वीच मेला, आता जुना दात वापरल्याने कोणाचे काय बिघडते? पण त्या दाताला गिऱ्हाईक मिळाले की मोडक्या पेट्यांचा बाजार उभा राहतो, आणि नवा दात जुना म्हणून खपवायला वाटही मिळते. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६च्या दुरुस्तीने भारतीय आणि १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पर्यायी साहित्याला हस्तिदंताची झळाळी येत नाही. खरे आहे, येत नाही. पण रंगवलेल्या कागदाचा भराव सहज निघणाऱ्या डिंकाने बसवला, तर हातभर अंतरावरून नक्षी सलग दिसते आणि भिंगाखाली भराव वेगळा ओळखू येतो. संवर्धनाला एवढेच हवे. शिवाय तुकडे मुळात गळतात ते पावसाळी दमटपणात लाकूड फुगते, कथील फुगत नाही आणि सरस सुटतो म्हणून. खोलीतला दमटपणा आवरला नाही, तर उसना हस्तिदंतही पुढच्या आषाढात गळेल.

मोडकी पेटी हाती आली, तर तिला सुट्या भागांचे दुकान समजू नका. सर्व बाजूंची छायाचित्रे घ्या, चकत्यांची जाडी मोजा आणि गळालेले तुकडे जागेची नोंद करून त्याच पेटीत ठेवा.