छडी गेली, पुढे काय?

अमेरिकेत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने ‘टीचलिव्ह’ नावाचा आभासी वर्ग तयार केला. पडद्यावर मुलं बसलेली असतात. एक चुळबुळ करतं, दुसरं उलट बोलतं, आणि नव्या शिक्षकाने शिकवता शिकवता त्यांना सांभाळायचं. यात सगळी करामत संगणकाची नाही. त्या मुलांच्या तोंडून पडद्यामागचा प्रशिक्षित माणूस बोलत असतो. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मला तेच पटलं.

व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये अशाच वर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात काही भावी शिक्षकांना पाच मिनिटं मार्गदर्शन मिळालं, बाकीच्यांनी स्वतःच विचार केला. मार्गदर्शन मिळालेले कितीतरी जास्त सुधारले. नुसता पडदा पुरत नाही, चूक दाखवणारं माणूस लागतं.

आपल्याकडे बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात वर्गमित्रच विद्यार्थी होतात, आणि किती शहाण्यासारखे वागतात! मग खरा, गच्च भरलेला वर्ग समोर आला की हात उठतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. त्याऐवजी काय करायचं, याचा सराव कुठे आहे? तो सुरू करायला महागडं यंत्र नको. वर्गमित्रांनी ठरवून दंगा करावा, अनुभवी शिक्षकाने पाच मिनिटं बोलावं.

यंत्र आणायचंच असेल, तर एक प्रश्न आधी सोडवा. त्यातल्या ‘वांड’ मुलाचं नाव काय, बोली कुठली, वस्ती कुठली, हे कोण ठरवणार? ते लिहिताना आमच्यासारख्या इंजिनिअरांशेजारी त्या वस्तीतले पालकही बसलेले हवेत.