नवा कॉम्प्युटर हँग होतो, तेव्हा दोष कुणाचा?



धुळ्यातल्या आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या मागच्या खोलीत मुलांची अभ्यासिका चालते. जयंतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे आणि घरोघरी फिरून जमवलेले शंभर-दोनशे रुपये एकत्र करून तिथे एक कॉम्प्युटर घ्यायचे ठरले. तयार कॉम्प्युटर परवडत नव्हता. वस्तीतलाच एक मुलगा जळगावला डिप्लोमा शिकतो. तो म्हणाला, "काका, सुटे भाग आणून मी जोडून देतो, पैसे वाचतील." त्याने जळगावहून मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस, एसएसडी, कॅबिनेट आणि रॅमची एक पट्टी घेतली आणि सारे मांडीवर धरून एरंडोल-पारोळ्यामार्गे एस.टी.ने आणले. रॅमची दुसरी पट्टी इथल्याच एका रिक्षावाल्या दादांनी देणगी म्हणून दिली. त्याच रात्री यंत्र सुरू झाले. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर मधेच थांबला. माऊस हलेना, घड्याळाचे आकडे जिथल्या तिथे. बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला, तर छान चालला. संध्याकाळी पुन्हा तेच. एका मुलीचा नर्सिंग प्रवेशाचा अर्ज भरता भरता तीनदा हँग झाला आणि शेवटी तिला पैसे देऊन बाहेरून अर्ज भरावा लागला. तिची आजी म्हणाली, "पैसा पानीमा गया, आते काय करानं?" एवढ्यावर थांबते तर बरे होते. पण मग कुणी म्हणाले की पोराने जुना माल लावला, कुणी म्हणाले कमिशन खाल्ले. मुलगा अभ्यासिकेत यायचा बंद झाला. बिले त्याने पहिल्याच दिवशी वहीत चिकटवून दिली होती, पण ती कुणी उघडून पाहिली नाहीत. आम्हीही पाहिली नाहीत, हे इथे कबूल केले पाहिजे.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारातच म्हणाली, "दादा, माझं पोरगं चोर नाही." आम्ही म्हणालो, "ताई, ते शोधायलाच त्याला न्यायला आलो आहोत." मग दोघांनी मिळून जे केले ते क्रमाने सांगतो. असा प्रसंग आज पुष्कळ घरांत येतो.

पहिले काम म्हणजे वही. कॉम्प्युटर कधी थांबला, तेव्हा काय चालू होते, खोलीतला कूलर चालू होता का, लाईट कमी-जास्त झाली का, हे प्रत्येक वेळी लिहायचे. नऊ दिवसांत चौदा नोंदी झाल्या. पाच दुपारच्या, सहा रात्रीच्या, तीन पहाटेच्या. "उन्हाने होतंय" असे सगळे म्हणत होते. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा ही शंका चुकीची नव्हती. पण पहाटेच्या तीन नोंदींनी ती कमजोर केली.

दुसरे, थांबणे कसले आहे ते ओळखणे. स्क्रीन गोठली की कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून जिवंत आहे. दोष एखाद्या प्रोग्रॅममध्ये, डिस्प्लेच्या ड्रायव्हरमध्ये किंवा डिस्कमध्ये असू शकतो. दिवा मुळीच हलला नाही तर बहुधा सारे यंत्रच थांबलेले असते. आमचा दिवा हलत नव्हता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली. ती वाचून पुष्कळ लोक लगेच एसएमपीएस बदलतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. का बंद झाला नव्हता, हे ती सांगत नाही.

तिसरे, उष्णता. तापमान दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास गेला की आधी आपला वेग कमी करतो, आणि फारच तापला तर स्वतःला बंद करून घेतो. भर दुपारीही आमचा ७२ अंशांवर होता. म्हणजे उष्णता नाही. ज्यांचा जास्त दिसेल त्यांनी पंखा फिरतो का, पेस्ट लावली आहे का आणि नव्या कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढला आहे का, हे पाहावे. तो पापुद्रा तसाच राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आणखी एक, खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नये. ओल आणि धूळ दोन्ही आत जातात.

चौथे, वीज. वायरमन दादांना बोलावले. त्यांनी मीटर लावून पाहिले. फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे. आमच्या बोर्डाला अर्थिंगच नव्हते. तिसऱ्या भोकात वायर जोडलेलीच नव्हती. सगळ्यांना वाटले, सापडले! अर्थिंग करून घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर पुन्हा थांबला. अर्थिंग करणे गरजेचेच होते, नाहीतर एखाद्या मुलाला कॅबिनेटचा शॉक बसला असता. पण तो आमच्या दुखण्याचा दोष नव्हता. एक दोष सापडला म्हणून शोध थांबवू नये, हे तिथे कळले.

पाचवे, ओळखीच्या एका घरातून दोन दिवसांसाठी चांगला एसएमपीएस मागून आणून लावला. तरी थांबला. एसएसडीची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम चालवला, ती ठीक निघाली. इथे मुलाने एक नियम पाळला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर बरे कशाने झाले ते कळत नाही.

सहावे, रॅम. पेनड्राइव्हवर ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा मोफत प्रोग्रॅम घालून कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला. पाऊण तासात स्क्रीनवर लाल ओळी आल्या. या चाचणीत एकही चूक चालत नाही. मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासली. जळगावची एकटी, चूक नाही. रिक्षावाल्या दादांची एकटी, चूक नाही. दोन्ही एकत्र, पुन्हा लाल ओळी! मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग बायोसमध्ये गेला. तिथे ‘एक्सएमपी’ नावाची सोय चालू होती. ती रॅमला डब्यावर लिहिलेल्या जास्त वेगाने, ३२०० ने पळवते. दोन पट्ट्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, त्यांची चाल वेगळी. एकेकटीला तो वेग झेपत होता, जोडीला झेपत नव्हता. एक्सएमपी बंद केल्यावर दोन्ही २६६६ वर आल्या. रात्रभर चाचणी चालू ठेवली. सकाळी एकही लाल ओळ नव्हती.

म्हणजे माल जुना नव्हता, दुकानदाराने फसवले नव्हते, दादांची देणगी खराब नव्हती आणि मुलाने पैसा खाल्ला नव्हता. वेग थोडा उतरला, पण अर्ज भरणाऱ्याला तो जाणवतही नाही. त्या रविवारी समाजमंदिरात सर्वांसमोर बिले वाचून दाखवली आणि मुलाची माफी मागितली. आधी आम्ही मागितली, मग बाकीच्यांनी.

तुमच्या घरचे कारण वेगळे असू शकते. काही रायझन प्रोसेसरचे कॉम्प्युटर काम करताना नव्हे, तर रिकामे बसलेले असताना थांबतात. त्यांच्या बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असे सेटिंग मिळते. ते ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवल्याने काहींचा त्रास जातो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज मागण्याचा दोष असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून दुरुस्ती दिली आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्या प्रोसेसरला आधीच इजा झाली आहे तो या दुरुस्तीने बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. म्हणून बिल आणि खोका जपून ठेवा. बायोस अपडेट करायचा तर यूपीएस लावूनच करा. मधेच लाईट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. कॅबिनेट उघडण्याआधी वायर बोर्डातून काढा आणि आतल्या लोखंडाला हात लावून मगच भागांना स्पर्श करा.

आमची ती वही अजून कॉम्प्युटरशेजारी दोरीने बांधलेली आहे. शेवटची नोंद त्याच मुलाच्या अक्षरातली आहे: "एक्सएमपी बंद. पंधरा दिवस झाले, थांबला नाही." नर्सिंगचा अर्ज भरणाऱ्या त्या मुलीची यादी लागली तेव्हा तिने आपले नाव याच कॉम्प्युटरवर पाहिले. आजी शेजारीच उभी होती.