खुराड्यापर्यंत कोण येणार?

परसातल्या कोंबड्यांचा पैसा हा बाईचा पैसा. अंडी विकून वह्या येतात, एसटीचं भाडं सुटतं. नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात अशा कोंबड्या सुमारे ३१.७ कोटी निघाल्या. पण त्यांना हगवण लागली की विचारायचं कोणाला? पशुवैद्य गोठ्यापर्यंत येतो, खुराड्यापर्यंत क्वचितच.

मग दुकानदार देईल ती गोळी. खरं तर प्रत्येक हगवण वेगळी. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांच्या विष्ठेत रक्त दिसलं, पिलं पंख पाडून गोळा होऊन बसली, तर बहुधा रक्ती हगवण. तिला जंताचं औषध लागू पडत नाही. पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम द्यावं लागतं आणि खालचं ओलं तूस लगेच बदलावं लागतं. रोग ओलीतच फोफावतो. खाऊनही कोंबडी वाळत चालली, अंडी घटली, तर जंताची शंका घ्यावी. गोल जंतांवर पिपराझिन चालतं, डोस वजनावर. (औषधानंतर अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत तेही विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.) हिरवी हगवण आणि वाकडी मान म्हणजे मानमोडी. तिला औषध नाही, लसच हवी, तीही आधी.

यात अवघड काही नाही. पण शिबिराचं बोलावणं येतं ते ज्याच्या नावावर गाय त्याला. येत्या महिला ग्रामसभेत गटांनी लसीचं आणि जंतनाशकाचं शिबिर मागावं. तेही संध्याकाळी, बाया कामावरून परतल्यावर, कोंबड्या खुराड्यात असतात तेव्हा.