दाखल्यासोबतची टीप



जात पडताळणीला अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत राबणारा बापही आजोबांचा शाळेचा दाखला जिवापाड जपतो. आता मुले तो स्कॅन करून संगणकात ठेवतात. पण शाळा कोणती, रजिस्टरचा नंबर काय, ही टीप कुठे ठेवायची?

लिनक्सच्या संगणकात ‘सेटफॅटर’ या आज्ञेने टीप फाईललाच जोडता येते. मात्र तीच फाईल साध्या पेन ड्राइव्हवर उतरवली की दाखला पोचतो, टीप गळते.

उपाय म्हणजे सगळ्या फाईलींचा ‘टार’ गठ्ठा बांधणे. ग्नू टारच्या 2013 मधील 1.27 आवृत्तीपासून त्यात ‘एक्सॅटर्स’ हा पर्याय आहे. तो गठ्ठा बांधताना द्यावा आणि सोडतानाही द्यावा. बांधताना विसरलात, तर गठ्ठ्यात टीप जातच नाही.

विसर पडू नये म्हणून मुलांकडून तीन ओळींची स्क्रिप्ट लिहून घ्या. पहिली ओळ गठ्ठा बांधेल, दुसरी तो वेगळ्या फोल्डरात सोडेल, तिसरी ‘गेटफॅटर’ने टीप वाचून दाखवेल. टीप दिसली, तरच काम झाले समजा.

आणि मूळ कागद? तो पेटीतच जपा.