जुने कोणी ठरवायचे?

जुन्नर-आंबेगावातील शेतकऱ्याची विहिरीवरील मोटार जळाली, तर तो ती मंचरला किंवा नारायणगावला नेऊन पुन्हा भरून घेतो. त्यासाठी कारखानदाराची परवानगी लागत नाही. त्याच तालुक्यांतील शाळेच्या संगणकाचे मात्र तसे नाही. यंत्र धडधाकट असते, मुले त्यावर शिकत असतात, आणि कंपनी ते कालबाह्य ठरवून मोकळी होते.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ जुन्या यंत्रांना नाकारते. इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. यामागे सुरक्षेचे कारण दिले जाते आणि ते अगदीच खोटे नाही.

परंतु जुन्याला सांभाळून घेणे तंत्राला झेपत नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. १९७८ च्या ८०८६ साठी लिहिलेल्या आज्ञा त्या वंशातील प्रोसेसर पुढे कित्येक दशके पाळत आले. खुद्द इंटेलने २००१ मध्ये इटॅनियम आणून ही परंपरा तोडू पाहिली. जुने प्रोग्रॅम त्यावर रखडू लागले, आणि बाजाराने जुन्याशी नाते राखणारी एएमडीची २००३ ची रचना उचलून धरली. तेव्हा ज्यांची अडचण होणार होती, ते मोठे खरेदीदार होते! आजही विंडोज १० ची एक आवृत्ती औद्योगिक यंत्रांसाठी २०३२ पर्यंत सांभाळली जाणार आहे. म्हणजे दुरुस्त्या लिहिल्या जाणारच आहेत. त्या कोणाला मिळाव्यात, एवढेच ठरवायचे उरते. शाळांना अल्प शुल्कात तीन वर्षांची वाढीव मुदत देऊ केलेली आहे खरी. पण डिंभे धरणामागच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत तिची नोंदणी करायची कोणी?

लिनक्सनेही १९८५ च्या ३८६ प्रोसेसरचा आधार काढून घेतला, पण तो २०१२ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. आणि तिची मूळ संहिता सर्वांना खुली राहिली. केरळच्या सरकारी शाळा अशा मुक्त प्रणालीवर चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी बॉस ही लिनक्स प्रणाली बनविली आहे. घोडेगावला आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय आहे, पुण्याला जिल्हा परिषद आहे. या दोघांनी यापुढे संगणक घेताना किती वर्षे दुरुस्त्या मिळतील हे करारात लिहून घ्यावे, आणि हाताशी असलेल्या यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवून देणारा, बिघडल्यास डोंगर चढून शाळेपर्यंत जाणारा एक तरी जाणकार दोन्ही तालुक्यांसाठी नेमावा.